कोटेशनमधली मी खोडलेली ओळ

नोकरीत माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेकींबद्दल मला आधी शाबासकी मिळाली होती. चूक उघडी पडायची ती मागाहून, शाबासकी अंगात चांगली मुरल्यावर. आज जी सांगतो आहे तिच्याबद्दल तर आमच्या शेठनी सगळ्या ऑफिससमोर मला पेढा भरवला होता. त्या पेढ्याची चव अजून तोंडात आहे, आणि ती गोड नाही.

माणगावजवळच्या एका दोर बनवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं प्लॅनिंगचं काम केलं. आता किहीमला नारळाच्या वाडीत राहतो आणि कोणता नारळ कधी पडेल याचं प्लॅनिंग करतो. तेही चुकतं. दोर म्हणजे मासेमारीच्या बोटींना लागतो तो. प्लास्टिकचा, तीन पदरी, निळा-पिवळा-हिरवा. उरणपासून खाली दिघी-श्रीवर्धनपर्यंत ज्या बंदरात जाल तिथे आमचा दोर कुठल्या ना कुठल्या खुंटाला बांधलेला दिसेल.

प्लॅनिंगवाला नेमकं करतो काय, हे माझ्या बायकोला एकतीस वर्षांत पटलेलं नाही. तिचं म्हणणं, माल माणसं करतात, विकतात दुसरे, तुम्ही मधे उभे राहून बोट दाखवता. तसं ते खरं आहे. मशीनं मोजकी असतात आणि ऑर्डरी सगळ्यांना आजच हव्या असतात. कोणती ऑर्डर कोणत्या मशीनवर, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, एवढंच ठरवायचं. दाणे वितळवून धागे काढायचे, धाग्यांना पीळ देऊन पदर करायचा, तीन पदर एकमेकांत वळले की झाला दोर. पण पांढऱ्यानंतर पिवळा, मग निळा, मग काळा अशा क्रमाने गेलात तर मशीन नुसतं पुसून चालतं. काळ्यानंतर पांढरा घेतलात की अर्धी पाळी मशीन साफ करण्यात जाते. बारीक दोरावरून जाड दोरावर जायचं तर साचे बदला, ताण बदला, आणि मुख्य म्हणजे पीळ बरोबर बसला की नाही हे सांगायला शांताराम शिगवण हजर पाहिजे. शांताराम आमचा वळणीच्या मशीनवरचा माणूस. चालू दोरावरून हात फिरवून तो पीळ ओळखायचा. मापाचं यंत्र नंतर तेच सांगायचं, फक्त उशिरा.

हे सगळं माझ्या फळ्यावर असे. काळा रंग दिलेला प्लायवूड, त्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून रंगवलेल्या चकत्या. एक चकती म्हणजे एक ऑर्डर, एक खिळा म्हणजे एक दिवस. तो फळा माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नसे. खरं सांगायचं तर तो कोणाला वाचता येऊ नये याची मी काळजीच घेतली होती. मी दोन दिवस रजेवर गेलो की शेठ फोन करून विचारायचे, ‘‘वर्तक, ही लाल चकती काय म्हणते?’’ आणि मला बरं वाटायचं.

त्या फळ्यावर जुलैच्या रांगेत दरवर्षी दहा-बारा खिळे मोकळे ठेवून मी तिथे एक पाटी टांगत असे. ‘ओव्हरहॉल’. मशीनांची वार्षिक साफसफाई आणि दुरुस्ती. त्या पाटीकडे आपल्याला परत यायचंच आहे.

तर शेठच्या मुंबईतल्या कुठल्याशा स्नेह्याने कारखान्यात प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि शेठना झोप लागेना. गुरुवारी ते कारखान्यावर यायचे. आल्या आल्या म्हणाले, ‘‘वर्तक, हा सॉफ्टवेअर एकूण पडतो कितीला ते मला एका कागदावर पायजे.’’ पुण्याच्या एका कंपनीकडून कोटेशन मागवलं. ते घेऊन देवधर मॅडम आल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि कारखान्यात येताना स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन येणाऱ्या. माझ्या अनुभवात असं माणूस सॉफ्टवेअर विकायला सहसा येत नाही.

कोटेशनमध्ये दर वर्षाची फी होती, वापरणाऱ्या माणसागणिक होती, शिकवण्याची होती, नवा कॉम्प्युटर आणि त्याला लाईट गेल्यावर जगवणारी बॅटरी होती. आणि सगळ्यांत जाड आकडा एका भलत्याच ओळीपुढे होता: ‘प्रत्यक्ष कामाच्या नोंदी, तीन आठवडे, कारखान्यात राहून’.

मी विचारलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, सॉफ्टवेअरला तुमचा कारखाना माहीत नसतो. तो सांगावा लागतो. खरा खर्च तोच असतो, बाकीचं किरकोळ आहे.’’

मी हसलो. अगदी मोकळेपणाने हसलो, ते मला आठवतं. म्हटलं, मॅडम, तीन आठवडे राहून तुम्ही जे लिहिणार ते माझ्या या डोक्यात आहे. दोन दुपारी बसू, मी सगळं सांगतो. आणि लाल पेनने ती ओळ खोडली. शेठना जो कागद दिला त्यात खर्च जवळजवळ निम्म्यावर आला होता. पेढा त्याचा.

दोन दुपारी आम्ही बसलो. मॅडम प्रश्न विचारत होत्या, मी उत्तरं देत होतो, आणि माझ्या उत्तरांत कारखाना इतका सुंदर दिसत होता की मला वाटलं आपण इथे नोकरीला लागावं. साचा बदलायला किती वेळ? मी म्हटलं वीस मिनिटं. शांतारामला पाऊण तास लागायचा. काळ्यावरून पांढऱ्यावर यायला किती? मी म्हटलं, आमची माणसं तयार आहेत, फार नाही. (पहिल्याच महिन्यात त्या सॉफ्टवेअरने काळ्यामागे पांढरा लावला आणि आम्ही उंदराच्या रंगाचा दोर बनवला. तो मुरुडच्या एका व्यापाऱ्याने ‘नवीन शेड’ म्हणून विकला. मी शेठना तो नवा शोध असल्यासारखा दाखवला होता.)

मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नेमका प्रश्न विचारला. ‘‘वर्षात असे काही दिवस आहेत का, जेव्हा माणसं कमी असतात? कॅलेंडरमध्ये नसलेले?’’

आता ऐका. आमच्या कारखान्यातली माणसं आसपासच्या गावांतली. सगळ्यांची थोडी थोडी भातशेती. जुलैत रोपं तयार झाली की लावणी येते आणि लावणीला माणूस घरीच लागतो. कायद्याच्या पुस्तकात लावणीची रजा नाही, आमच्या शेठच्या पुस्तकात तर नव्हतीच. म्हणून प्रत्येकजण दरवर्षी न चुकता आजारी पडायचा. तापाचे अर्ज यायचे. आणि मी, शेठना कळू नये म्हणून, त्या दिवसांवर ‘ओव्हरहॉल’ची पाटी टांगायचो. जी चार माणसं उरत ती मशीनं पुसत बसायची. असं तीस वर्षं सरळ चाललं होतं. गिऱ्हाइकाला तारीख देताना तो खड्डा मी मनातल्या मनात धरायचो.

पण समोर पुण्याच्या मॅडम बसलेल्या. त्यांच्यापुढे मी काय सांगणार, की माझ्या कारखान्याला दर जुलैत ताप येतो? मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘‘रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडल्या तर आमच्याकडे गैरहजेरी नाही. शिस्त आहे.’’

त्यांनी तसं लिहून घेतलं. त्यांची काय चूक?

त्या वर्षी मे महिन्यात दिघीचे इक्बालभाई आले. कुवेतला बरीच वर्षं काढून परत आलेले. तिथली सगळी कमाई एका बोटीत घातलेली. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठते एक ऑगस्टला. त्या पहिल्या काही फेऱ्यांत जी मासळी लागते आणि जो भाव मिळतो, त्यावर बोटवाल्याचं वर्ष उभं राहतं. इक्बालभाईंचं तर पहिलंच वर्ष. जाळ्याला वरून-खालून दोर ओवायला आठ-दहा दिवस जातात, म्हणजे वीस जुलैच्या आत चाळीस बंडलं हातात हवीत. ते म्हणाले, गुजरातचा एक व्यापारी तयार माल देतोय, थोडा महाग आहे, पण आजच घ्या म्हणतो.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो, ऑर्डर भरली आणि बटण दाबलं. पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकल्या आणि उत्तर आलं: बारा जुलै. मी ते छापलं. इक्बालभाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरून बघितला. ‘‘साहेब, पक्का ना? माझा सगळा यावर हाय.’’

‘‘माणसाने सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता,’’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर गुजरातला फोन लावून नको म्हणून सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी मनातला खड्डा न धरता तारीख दिली होती. आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण फळा आता स्टोअरमध्ये भिंतीला तोंड करून उभा होता. ‘ओव्हरहॉल’ची पाटी त्याच्या मागे.

सहा जुलै, सोमवार. सकाळी टेबलावर तापाचे अकरा अर्ज. सगळ्यांत वरचा शांतारामचा, ‘थंडी वाजून’. त्या क्षणी मला सगळं आठवलं. मला स्वतःलाच थंडी वाजली.

सॉफ्टवेअर मात्र शांत होतं. त्याच्या हिशेबी वळणीचं मशीन चालू होतं, पट्टी हिरवी होती. मी इक्बालभाईंना फोन करून सांगितलं, मशीनमध्ये जरा बिघाड आहे. ते एवढंच म्हणाले, ‘‘वीसच्या पुढे गेला तर जाळा बांधून होनार न्हाय, साहेब. बोट उभी र्‍हाईल.’’ आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. गुजरातच्या व्यापाऱ्याकडचा माल तोपर्यंत संपलेला होता, तेही मीच फोन करून विचारलं.

मंगळवारी मी शांतारामच्या गावी गेलो. पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, छत्री धरून बांधावरून चालताना दोनदा घसरून बसलो. शेतात अकराच्या अकरा आजारी ओणवे होऊन रोपं लावत होते. मला बघून एकानेही खोकायचं नाटक केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. शांताराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सायब, तुम्ही इथं? ‘ओव्हरहॉल’ची पाटी न्हाय लावली काय?’’

म्हणजे पाटीचं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी सांगितलं, इक्बालभाई, बोट, वीस तारीख, सगळं. तू चल, म्हटलं. तो म्हणाला, मला न्हाय विचारायचा, हिला विचारा, आणि बायकोकडे बोट दाखवलं.

आनंदीवहिनी. डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ. हे मला त्या दिवशी कळलं, की त्या दोन वाड्यांतली लावणी ही बाई चालवते. आज सगळ्यांनी मिळून कोणाच्या शेतात उतरायचं, उद्या कोणाच्या, कोणाचं रोप तयार झालंय, कोणाच्या खाचरात पाणी टिकत नाही, नांगरणीचं यंत्र कुठून कुठे जायचं, सगळं तिच्या डोक्यात. ना फळा, ना पट्ट्या.

‘‘दोर वळायला मानसं किती लागत्यात?’’ तिने विचारलं.

‘‘चार. शांताराम, हा पांडू, आणि ते पलीकडचे दोघे भाऊ.’’

‘‘किती दिवस?’’

इथे माझी जीभ सवयीने ‘चार’ म्हणायला निघाली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी आवरली. ‘‘साचा बदलण्यासकट आठ.’’

तिने चिखलाच्या हाताने बोटं मोजली. पांडूच्या खाचरात आत्ताच उतरलोय, ते आज उरकेल. भावांचं रोप कोवळं आहे, ते थांबेल. मग तिने स्वतःच्या खाचराकडे बघितलं. ‘‘आमचा शेवटाला टाकू. ह्यांना उद्यापासून न्या.’’

शांताराम म्हणाला, ‘‘अगं, आपला रोप आत्ताच पिवळा पडाया लागलाय.’’

‘‘माझ्या डोळ्यांला दिसतो तो,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘‘पन सायब, एक काम करा. दरसाल ह्ये ताप लिवून देत्यात. धडधाकट मानूस आजारी म्हनून कागदावर सही करतो, अशानं खराच आजार यायचा. ते बंद करा. लावणी हाय तर लावणी लिवा.’’

मी म्हटलं, शेठ ऐकणार नाहीत.

‘‘तुम्ही सांगितलाव कधी त्यांना?’’

हातात काहीतरी असावं म्हणून मी खाली वाकून चार रोपं लावली. मागून येणाऱ्या एका म्हातारीने ती चारही उपटून परत लावली.

बुधवारी चौघे कामावर आले. गुरुवारी शेठ आले. मी त्यांना स्टोअरमध्ये नेलं, फळा भिंतीवरून वळवला आणि पाटी हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. लावणी, ताप, खोडलेली ओळ, मॅडमचा प्रश्न, माझी शिस्त. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं, ते या वर्षीच होईल अशी मनाची तयारी केली होती.

शेठनी ती पाटी माझ्या हातातून घेतली. ‘‘वर्तक, मी मुंबईमंदी सगळ्यांना सांगतो, आपल्याकडे दर वरसाला बारा दिवस ओव्हरहॉल होते म्हणून मशीन टकाटक हाय. दोन जणांनी माझं बघून चालू केला.’’

मी मान खाली घातली.

‘‘आणि ती ओळ किती रुपयाची होती?’’

मी आकडा सांगितला. त्यांनी तो परत विचारला, मी परत सांगितला. ते दारापर्यंत गेले, तिथून म्हणाले, ‘‘पेढा मी खालला असता तर बरा झाला असता. त्या बाईला बोलावून घे. तीन आठवडे.’’

मला आधी वाटलं आनंदीवहिनींना. ते देवधर मॅडमबद्दल बोलत होते. माझ्या मते दोघींनाही बोलवायला हरकत नव्हती.

सोळा जुलैला चाळिसावं बंडल बांधून झालं. शेवटच्या दोरावरून हात फिरवून शांताराम ‘बरा हाय’ म्हणाला आणि हात धुऊन सरळ शेतावर गेला. सतराला मी स्वतः टेम्पोत बसून दिघीला गेलो. इक्बालभाईंच्या पडवीत जाळं पसरलेलं होतं आणि भिंतीवर माझा तो रंगीत पट्ट्यांचा कागद, प्लास्टिकमध्ये घालून, खिळ्याला लावलेला. बारा जुलै, ठळक अक्षरांत. मी तिकडे पाठ करून बसलो.

चहा आला. मी म्हटलं, इक्बालभाई, मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्या आठवड्यात खरं बोलायची मला चटकच लागली होती.

ते ऐकून घेत होते. मग जाळ्याशी बसलेल्या एका खलाशाकडे हात केला. ‘‘हा रामा. तुमच्या शांतारामचा मेहुणा, त्याच्या बायकोचा भाऊ. मला सातव्या तारखेलाच कळला होता, मशीन कुठच्या शेतात उभी हाय ते. मी बघत होतो, तुम्ही कधी सांगता.’’

रामा खाली मान घालून हसत होता.

बोट एक ऑगस्टला निघाली. पहिल्या फेरीत काय मिळालं ते इक्बालभाईंनी सांगितलं नाही, पण माझ्या घरी सुरमई आली. मी ती खाल्ली. पेढ्यापेक्षा बरी लागली.

देवधर मॅडम श्रावणात आल्या. तीन आठवडे मशीनांपाशी उभ्या राहून त्यांनी पाऊण तास पाऊण तास म्हणूनच लिहिला. एके दिवशी शांतारामच्या गावीही गेल्या. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये जुलैत आता ‘लावणी’ असा शब्द आहे. तारखा बदलत्या, दरवर्षी विचारून भरायच्या. ते सॉफ्टवेअर चांगलं आहे हो. मी उगाच त्याला नावं ठेवत हिंडायचो.

ऑक्टोबरात कापणीला मी फराळाचा डबा घेऊन आनंदीवहिनींकडे गेलो. सगळीकडे भात कमरेएवढा उभा, आणि त्यांच्या दोन खाचरांत विरळ, लोंब्या हलक्या. उशिरा लावलेलं रोप. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे वो, खायापुरता झाला.’’ मी शेठसाठी खर्चाचा जो नवा कागद केला त्यात फी होती, कॉम्प्युटर होता, मॅडमचे तीन आठवडे होते. त्या दोन खाचरांसाठी मी एक रकाना आखला, मग शेठ विचारतील म्हणून पुसला. पुसायला नको होता. हे मी शेठना आजही सांगितलेलं नाही. हे ज्या अंकात छापून येईल तो त्यांच्या हातात पडला तर कळेल.

पुढच्या वर्षी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या मे महिन्यात, इक्बालभाईंचा फोन आला. या वेळीही चाळीस बंडलं. मी म्हटलं, थांबा, कॉम्प्युटरवर टाकतो, तारीख छापून पाठवतो.

‘‘छापू नका, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचा माल सतराला तयार होनार.’’

मी ऑर्डर भरली, बटण दाबलं. पट्ट्या सरकल्या. सतरा जुलै.

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘रामाला विचारला. रामाने बहिणीला विचारला. ती बोलली, ह्या साली आमचा पहिला लावायचा, नवला ह्ये मोकळे. पुढचे आठ दिवस दोराचे.’’